पोच आणि पाळत : पुण्याच्या पत्रव्यवहाराच्या इतिहासातून ईमेल-मागोव्याचा विचार

(१)

पत्र रवाना झाल्यावर ते लिहिणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न उरतात. पत्र पोहोचले की नाही, हा पहिला. आणि ज्याच्या नावे ते लिहिले त्याने ते वाचले की नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे जासुदाचे, टपालखात्याचे किंवा जी कोणती वाहतूकव्यवस्था असेल तिचे काम होय. दुसऱ्याचे उत्तर मात्र शतकानुशतके केवळ पत्र घेणाराच देऊ शकत असे. ते द्यावे की नाही, केव्हा द्यावे आणि कोणत्या शब्दांत द्यावे, हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच मानला जात असे. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत व्यापारी ईमेलांच्या क्षेत्रात ही व्यवस्था पालटली. आता या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाचकाला न विचारता, त्याच्या नकळत, त्याच्याच यंत्राकडून काढून घेतले जाते.

या प्रकाराची चर्चा बहुधा तंत्राच्या किंवा कायद्याच्या अंगाने होते. इतिहासाच्या अंगाने ती क्वचितच झालेली आहे. वास्तविक पत्राची पोच, पत्राचे गुपित आणि पत्रावरील पाळत या तिन्ही गोष्टींचा इतिहास पुण्यात जितका सलग उपलब्ध आहे तितका फार थोड्या शहरांत असेल. एका बाजूस पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल याच शहरात जतन झालेले आहेत. दुसऱ्या बाजूस हिंजवडी, खराडी या भागांतील कार्यालयांत संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा मोठा वर्ग याच शहरात राहतो. या दोन टोकांमधील अडीचशे वर्षांचा प्रवास पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते : पाळत नवी नाही, परंतु पाळत ठेवणे आणि पोच घेणे या दोन क्रियांतील जो भेद पूर्वीच्या व्यवहारात टिकून होता, तो आता पुसला गेला आहे. हा भेद कसा निर्माण झाला, कसा टिकला आणि कसा लोपला, याचे विवेचन पुढे केले आहे.

(२)

पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापण्यास प्रारंभ केला होता, आणि वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दफ्तरातील पत्रे उजेडात आणली होती. या संग्रहांतील पत्रे चाळणाऱ्यास एक खूण वारंवार आढळते. मूळ मजकुराबाहेर 'पौ' हे अक्षर असते व त्यापुढे 'छ' असे चिन्ह देऊन चांद्रमासाची तारीख घातलेली असते. 'पौ' म्हणजे पावले, आणि 'छ' म्हणजे चंद्र. पत्र कोणत्या दिवशी हाती आले याची ती नोंद होय.

संशोधकांना ही खूण कालनिर्णयासाठी मोलाची वाटत आली आहे. लिहिल्याची तारीख आणि पावल्याची तारीख यांच्या अंतरावरून वाट किती दिवसांची होती, बातमी केव्हा कळली आणि निर्णय केव्हा झाला, हे ठरविता येते. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या खुणेचे महत्त्व निराळे आहे. ती कोण करीत असे? पत्र घेणाराचा कारकून. ती कोठे राहत असे? पत्र घेणाराच्याच दफ्तरात. पत्र पाठविणाऱ्याच्या दृष्टीस ती कधीच पडत नसे. पत्र पावल्याचे ज्ञान हे प्रथम घेणाराचे ज्ञान होते. पाठविणाऱ्याला त्यातला जो अंश कळे तो घेणाराने उत्तर लिहिले तरच.

आणि उत्तर लिहिण्याचाही एक शिष्टाचार होता. 'आपण पत्र पाठविले ते प्रविष्ट होऊन लेखनार्थ अवगत झाला' या अर्थाच्या वाक्याने उत्तराचा प्रारंभ होई. त्यात दोन स्वतंत्र विधाने आहेत : पत्र पोहोचले, आणि मजकूर समजला. पोहोचणे व समजणे यांतील हा भेद त्या काळच्या कारकुनी भाषेत पक्का रुळलेला होता. मजकूर समजल्याची कबुली देणे म्हणजे काही एक दायित्व पत्करणे होते. म्हणूनच दरबारी व्यवहारात उत्तर लांबविणे, मोघम लिहिणे किंवा नाजूक मजकूर पत्रात न घालता अमुक गृहस्थ मुखजबानी सांगतील असे कळविणे, ही सारी राजकारणाची मान्य साधने होती. मौन हेही एक उत्तर होते, आणि ते घेणाराच्या हाती होते.

याचा अर्थ पेशवाईत पत्रांवर पाळत नव्हती असा मुळीच नाही. हेर, जासूद, बातमीदार यांचे जाळे सर्वच सत्तांनी पसरलेले होते. गोविंदराव काळे निजामाच्या दरबारातून नाना फडणिसांस तपशीलवार बातम्या लिहीत, आणि निजामाचे बातमीलेखक पुण्याहून हैदराबादेस अखबार धाडीत. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यास रेसिडेंट म्हणून आला तेव्हापासून इंग्रजांचेही लक्ष दरबारातील हालचालींवर अहर्निश राहिले. पुढे एल्फिन्स्टनच्या वतीने बाळाजीपंत नातू यांनी खबरा पुरविल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु वकील वा बातमीलेखक यांचे दरबारातील अस्तित्व उघड असे. ते लिहीत आहेत हे ज्यांच्याविषयी लिहिले जाई त्यांना ठाऊक असे, आणि ते त्याप्रमाणे आपले बोलणे-वागणे राखीत. जे गुप्त होते, ते शत्रुत्वाचे किंवा संशयाचे कृत्य म्हणूनच ओळखले जाई. हेरगिरीला कोणी सौजन्य म्हणत नसे.

व्यापारी पत्रे राजसत्तेच्या हाती पडण्याचे एक उदाहरण प्रसिद्धच आहे. जानेवारी १७६१ मध्ये उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांस पानिपतच्या पराभवाची वार्ता प्रथम कळली ती सावकारांच्या कासिदाजवळील पत्र उघडल्यामुळे, अशी हकीकत ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात दिली आहे. मोत्ये व मोहोरा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेला तो मजकूर मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे सावकारांनी संकेताची भाषा वापरली, याचा अर्थ पत्र वाटेत उघडले जाण्याचे भय त्यांनी गृहीत धरले होते. दुसरी म्हणजे येथे पत्र उघडणारा हा तिसरा पक्ष आहे. लिहिणारा आणि घेणारा हे दोघे एका बाजूस, व उघडणारा दुसऱ्या बाजूस, अशी ही रचना आहे. पुढील शंभर-दीडशे वर्षांत पत्राच्या गुपिताचा जो विचार झाला तो सारा याच रचनेच्या चौकटीत झाला.

(३)

१८५४ मध्ये वजनावर आधारलेला एकसारखा टपालदर आणि सर्व हिंदुस्थानासाठी तिकिटे सुरू झाली, आणि पत्र पाठविणे ही दरबारी वा सावकारी बाब न राहता सामान्य माणसाची गोष्ट झाली. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल म्हणजे 'व्ही. पी.'ची पद्धत आली. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. कार्ड उघडे असल्यामुळे टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही ते वाचू शके. पण हा उघडेपणा लिहिणाऱ्यास ठाऊक असे, व त्यानुसार तो मजकूर बेताने लिही. ज्याला गुप्तता हवी असेल त्याने अर्धा आणा खर्चून पाकीट घ्यावे, असा हा स्पष्ट व्यवहार होता.

पोचेच्या प्रश्नाला टपालखात्याने दिलेले उत्तर म्हणजे रजिस्टर पत्राची पोचपावती. पत्र घेणाराने सही करावयाची, आणि ती सहीची पावती पाठविणाऱ्याकडे परत जावयाची. पेशवाईतील 'पौ'ची खूण घेणाराच्या दफ्तरात राहत असे. आता तिची एक प्रत पाठविणाऱ्याकडे गेली. हा बदल लहान नव्हे. परंतु ती प्रत घेणाराच्या सहीने जात असे. सही न करण्याचा, पत्र नाकारण्याचा मार्ग त्याला मोकळा होता, मग त्याचे कायदेशीर परिणाम काही का होईनात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या २७ व्या कलमाने योग्य पत्त्यावर, टपालहशील भरून रजिस्टरने पाठविलेले पत्र नेहमीच्या ओघात बजावले गेले असे मानण्याचे ठरविले. येथे कायद्याने कोणता प्रश्न विचारला नाही तेही पाहिले पाहिजे. पत्र पोहोचले काय, एवढेच कायदा पाहतो. ते वाचले काय, किती वेळा वाचले, कोठे बसून वाचले, हे तो विचारीत नाही. न्यायालयीन नोटिशीसारख्या गंभीर बाबतीतही वाचनाची क्रिया ही वाचकाचीच राहू दिलेली आहे. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन करण्याचा निर्णय झाला. तरी पोहोचविल्याचा पुरावा व वाचल्याचा पुरावा यांतील हे अंतर तसेच राहिले.

राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी मात्र पत्रे अडविण्याचा अधिकार राखून ठेवला. १८९८ च्या पोस्ट ऑफिस ॲक्टच्या २६ व्या कलमात तो होता. त्याच कायद्याच्या ५३ व्या कलमाने टपालखात्याच्या नोकराने पत्र बेकायदा उघडल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेविली होती. अधिकार आणि शिक्षा एकाच कायद्यात शेजारी नांदत होती. या अधिकाराची छाया पुण्याच्या सार्वजनिक जीवनावर दीर्घकाळ होती. १८९७ चा प्लेग, रँडचा वध आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला यांनंतर पुणे हे सरकारच्या संशयाचे केंद्रच बनले. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना (१९०८–१९१४) त्यांची घरची पत्रे तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याहून आश्रमास लिहिलेली पत्रेही तुरुंगाच्या दारातूनच बाहेर पडत. तथापि कैद्याला आपले पत्र वाचले जाणार हे ठाऊक असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टपालतपासणी-अधिकारी उघडलेल्या पाकिटावर परीक्षकाने ते उघडल्याची छापील पट्टी चिकटवीत. तशी पाकिटे आजही संग्राहकांकडे पाहावयास मिळतात. गुप्तपणे उघडलेली पत्रे याखेरीज असणारच. पण परकी सत्तेने, तीही महायुद्धात, निदान नेहमीच्या तपासणीपुरते का होईना, घेणाराला 'तुमचे पत्र उघडले आहे' असे सांगण्याचे बंधन पाळले, ही वस्तुस्थिती विसरण्याजोगी नाही.

या संदर्भात इंग्लंडमधील एक प्रकरण उद्बोधक आहे. १८४४ मध्ये लंडनमध्ये राहणारा इटालियन देशभक्त मॅझिनी याची पत्रे गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या हुकुमाने उघडली जातात असे उघडकीस आले व पार्लमेंटात गहजब झाला. मॅझिनीने ही गोष्ट सिद्ध केली ती मोठ्या युक्तीने : पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण किंवा केस घालून पत्रे पाठवावयाची, ते दाणे गळाले की पत्र वाटेत उघडले गेले हे ठरले. पत्रात दडविलेली, वाचणाऱ्याच्या ध्यानात न येणारी, आणि उघडल्याची साक्ष देणारी खूण याप्रमाणे १८४४ मध्येच अस्तित्वात होती. तंत्राच्या दृष्टीने ती आजच्या ईमेल-मागोव्याची पूर्वज होय. परंतु तिचा रोख कोणावर होता? लिहिणारा व घेणारा यांच्या विश्वासात घुसणाऱ्या तिसऱ्यावर. खुद्द घेणाराला पकडण्यासाठी कोणी पाकिटात खसखस घातली नव्हती.

(४)

व्यापारी पत्रांचा इतिहास या राजकीय इतिहासाला समांतर चालतो. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी. मराठीत टपालाच्या द्वारे ग्राहकाशी सातत्याने संबंध राखण्याच्या प्रयत्नांपैकी हा एक ठळक प्रयत्न म्हणावा लागेल; तो इतका यशस्वी झाला की खबरपत्राचे पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. हे पत्रक वाचले जाते की नाही हे चालकांना कसे कळे? वाचक पत्रे लिहीत, वर्गणी भरीत, वस्तू मागवीत. मराठी नियतकालिकांची वर्गणी व्ही. पी.ने वसूल करण्याची रीत पुढे कित्येक दशके चालली. वाचकाने व्ही. पी. सोडविली तर तो ग्राहक, परत धाडली तर नाही. परतीचा भुर्दंड चालकांवर. नकार देण्याचा अधिकार वाचकाकडे आणि त्याची किंमत प्रेषकाकडे, अशी ही वाटणी होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात अमेरिकेतील टपाली व्यापारात मोजमापाची एक युक्ती रूढ होती. निरनिराळ्या वृत्तपत्रांतील एकाच जाहिरातीत पत्त्यापुढे निरनिराळा 'विभाग क्रमांक' छापावयाचा. आलेल्या कुपनावरील क्रमांक पाहून कोणती जाहिरात फळली ते कळावे. क्लॉड हॉपकिन्सच्या १९२३ सालच्या जाहिरातशास्त्रावरील पुस्तकात या पद्धतीचा मोठा पुरस्कार आढळतो. कुपन कापणाऱ्याला त्या क्रमांकाचा अर्थ ठाऊक नसे, म्हणजे अज्ञानाचा एक अंश येथे आलाच. तरीही दोन मर्यादा राहिल्या. कुपन वाचकाने स्वतः होऊन पाठविल्याखेरीज काहीच कळत नसे. आणि जे कळे ते वृत्तपत्राविषयी, व्यक्तीच्या वाचनाविषयी नव्हे. ज्याने जाहिरात वाचून पान उलटले, तो जाहिरातदाराला सर्वस्वी अज्ञात राही.

(५)

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे जाळ्यातून ईमेल धाडण्याची सोय १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने केली. अनाहूत व्यापारी ईमेलाचे पहिले उदाहरण म्हणून ३ मे १९७८ चा दाखला दिला जातो : एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्याने जाळ्यावरील सुमारे चारशे पत्त्यांवर एकच जाहिरात धाडली. भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले.

नव्या माध्यमातही पोचेचा प्रश्न उद्भवणे अपरिहार्य होते, आणि त्याचे पहिले उत्तर जुन्या शिष्टाचारास धरूनच दिले गेले, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. मार्च १९९८ मध्ये इंटरनेटच्या तंत्रज्ञांनी वाचनाच्या पोचेविषयी एक मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार प्रेषकाने पोच मागावी, ती मागणी ईमेलाच्या शीर्षभागात उघडपणे लिहिलेली असावी, आणि पोच धाडण्यापूर्वी वाचकाची संमती घ्यावी अशी आग्रहाची शिफारस त्यात होती. 'लेखनार्थ अवगत झाला' असे लिहावे की लिहू नये, हे ठरविण्याचा पेशवाईतील कारकुनाचा अधिकार येथे नव्या रूपाने मान्य झाला होता.

व्यापाराने मात्र हा दरवाजा सोडून भिंतीला भोक पाडले. याच सुमारास ईमेलात अक्षरांबरोबर चित्रे दाखविण्याची सोय रूढ झाली होती. चित्र ईमेलाबरोबर न धाडता प्रेषकाच्या यंत्रावर ठेवता येते, आणि वाचकाने ईमेल उघडले की त्याचे यंत्र ते चित्र मागवून घेते. मग चित्र एकाच बिंदूएवढे आणि पारदर्शक केले, व प्रत्येक वाचकासाठी त्या चित्राचा पत्ता वेगळा ठेवला, तर कोणत्या वाचकाने केव्हा ईमेल उघडले, किती वेळा उघडले, कोणत्या प्रकारच्या यंत्रावर आणि साधारण कोणत्या शहरात उघडले, हे सारे प्रेषकाच्या नोंदवहीत आपोआप लिहिले जाते. मजकुरातील दुव्यांनाही असेच प्रत्येकी निराळे पत्ते देता येतात. रिचर्ड स्मिथ या अमेरिकन तज्ज्ञाने नोव्हेंबर १९९९ मध्ये या अदृश्य चित्रांची माहिती लोकांपुढे मांडली. आज सामुदायिक ईमेले धाडणाऱ्या पुष्कळ सेवांत हा मागोवा आधीपासूनच चालू ठेवलेला असतो. तो बंद करण्यासाठी मुद्दाम खटपट करावी लागते. परिणामी ज्यांच्या मनात पाळत ठेवण्याचा विचारही नसतो, अशा शिक्षणसंस्था, मंडळे आणि धर्मादाय संघटना यांच्याकडूनही ती ठेवली जाते.

मॅझिनीची खसखस येथे पुन्हा दिसते, पण तिचा रोख उलटला आहे. तिसऱ्याला पकडण्यासाठी नव्हे, तर ज्याच्या नावे पत्र लिहिले त्याच्यावरच नजर ठेवण्यासाठी ती घातलेली आहे. पत्राच्या गुपिताविषयीचा सारा जुना विचार 'लिहिणारा आणि घेणारा विरुद्ध तिसरा' या चौकटीत झालेला असल्यामुळे, लिहिणाराच घेणारावर पाळत ठेवील ही शक्यता कायद्याने वा लोकरूढीने कधी गंभीरपणे विचारात घेतली नव्हती. या पोकळीतच हा व्यवसाय वाढला.

(६)

या प्रथेच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, आणि ते त्यांच्या बाजूने नीट मांडले पाहिजे. व्यापाऱ्याला ईमेल धाडण्यासाठी खर्च पडतो. जे कधीच वाचीत नाहीत त्यांना ती धाडणे थांबवावे, हे वाचकाच्याही सोयीचे आहे. मोजमाप नसेल तर सरसकट सर्वांवर मारा होईल. शिवाय ग्राहकाने आपला पत्ता स्वतःच दिलेला असतो. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने कोणती वस्तू हाताळली हे दुकानदार पाहतोच, त्यात कोणी अन्याय मानीत नाही.

या युक्तिवादाची परीक्षा करताना वरील इतिहास उपयोगी पडतो. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानदार गिऱ्हाइकाला पाहतो तेव्हा गिऱ्हाईकही दुकानदाराला पाहत असते, आणि ते त्याच्या दुकानात आलेले असते. ईमेल वाचणारा स्वतःच्या घरात असतो. तेथे दुकानदारच अदृश्यपणे गेलेला असतो. पत्ता देणे म्हणजे पत्र येऊ देण्यास संमती. आपले वाचन पाहू देण्यास संमती नव्हे. पोस्टकार्डाचा उघडेपणा लिहिणाऱ्याला ठाऊक होता, कैद्याला तपासणी ठाऊक होती, व्ही. पी. परत धाडणाऱ्याला आपला नकार नोंदला जाणार हे ठाऊक होते. येथे जे दूषणीय आहे ते मोजमाप नव्हे. ज्याचे मोजमाप होते त्याला ते ठाऊक नसणे हे दूषणीय होय. किती टक्के लोकांनी ईमेल उघडले हा आकडा वेगळा, आणि अमुक नावाच्या गृहस्थाने रात्री अकरा वाजता ते तिसऱ्यांदा उघडले ही नोंद वेगळी. पहिली गोष्ट कुपनाच्या विभाग क्रमांकाशी नाते सांगते. दुसरी हेराच्या रोजनाम्याशी. दुव्यावर बोट ठेवून पुढे जाणे ही निदान वाचकाची स्वतःची कृती आहे, आणि तिला कुपन पाठविण्याची उपमा काही अंशी लागू पडते. परंतु केवळ वाचणे ही कृती कोणालाही उद्देशून केलेली नसते.

साधन एकदा तयार झाले की ते मूळ हेतूपुरते राहत नाही, हाही इतिहासाचाच धडा आहे. २००६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या अंतर्गत बातम्या कोण फोडतो हे शोधताना तिच्या तपासनिसांनी एका महिला वार्ताहरास मागोवा दडविलेले ईमेल धाडल्याचे उघडकीस आले, आणि प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेले. विक्रीच्या मोजमापासाठी रूढ झालेली युक्ती अशा रीतीने वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या मुळाशी येते. दुसरीकडे, ज्या मोजमापासाठी हा खटाटोप, त्याचेच मोल आता घसरले आहे. डिसेंबर २०१३ पासून गूगलने आपल्या ईमेलसेवेतील चित्रे स्वतःच्या यंत्रांमार्फत आणून दाखविण्यास प्रारंभ केला, त्यामुळे वाचकाचे ठिकाण झाकले गेले; २०२१ मध्ये ॲपलने वाचकाने ईमेल उघडो वा न उघडो, चित्रे आधीच आणून ठेवण्याची सोय दिली. उघडल्याच्या नोंदीत आता माणसाचे वाचन किती आणि यंत्राची हालचाल किती, हे सांगणे कठीण झाले आहे. विश्वास खर्चून मिळविलेली माहिती शेवटी विश्वासार्हही राहिली नाही.

(७)

कायद्याने या प्रश्नाची दखल कोठे व कितपत घेतली, हे थोडक्यात पाहणे इष्ट आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाच्या प्रास्ताविकातच अशा अदृश्य साधनांचा उल्लेख करून ती वाचकाच्या खाजगी क्षेत्रातील घुसखोरी ठरू शकतात असे म्हटले होते. फेब्रुवारी २००६ मध्ये तेथील माहितीसंरक्षण-अधिकाऱ्यांच्या गटाने, ईमेल वाचल्याची खबर घेणाराच्या स्पष्ट संमतीवाचून प्रेषकास देणाऱ्या सेवांना तीव्र विरोध नोंदविला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दूरध्वनीवरील चोरटे श्रवण हे खाजगीपणावरील आक्रमण मानले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. १९८६ मध्ये टपाल अडविण्याचे सरकारचे अधिकार वाढविणारे विधेयक संसदेने संमत केले असता राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, हा प्रसंगही याच परंपरेतला. १८९८ चा कायदा जाऊन आलेला २०२३ चा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला. त्याच्याही ९ व्या कलमात सरकारचा अडवणुकीचा अधिकार कायम आहे.

हे सारे प्रामुख्याने राज्यसत्तेच्या पाळतीविषयी झाले. व्यापारी पाळतीला प्रथमच सर्वसाधारणपणे हात घालणारा भारतीय कायदा म्हणजे २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा. त्याच्या ६ व्या कलमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि ती स्पष्ट कृतीने दिलेली असली पाहिजे. बालकांचा मागोवा घेण्यास ९ व्या कलमाने मनाई केली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याची योजना आहे. ईमेलातील अदृश्य चित्राचा त्यात नावाने उल्लेख नाही. वृत्तपत्रिकेसाठी दिलेली संमती वाचनाच्या नोंदीसही पुरते काय, या प्रश्नाचे उत्तर पुढील निर्णयांवर अवलंबून राहील. परंतु कायद्याच्या उत्तराची वाट पाहणे हा नैतिक प्रश्नाचा निकाल नव्हे. मराठी कारकुनाला उत्तराच्या आरंभी पोच लिहावयास कोणत्या कलमाने शिकविले नव्हते.

इतिहासाच्या अभ्यासकाला या बाबतीत आणखी एक आस्था आहे. 'पौ'ची खूण घेणाराच्या दफ्तरात राहिली म्हणूनच ती दोन शतकांनंतर संशोधकाच्या हाती लागली. आजच्या वाचनाच्या नोंदी ना लिहिणाऱ्याच्या घरी राहतात, ना घेणाराच्या. त्या तिसऱ्याच कोणा कंपनीच्या यंत्रावर राहतात, व्यवहार संपला की पुसल्या जातात किंवा विकल्या जातात. वाचकाविषयी इतके टिपून ठेवणारा काळ पूर्वी झाला नसेल. आणि ते टिपण वाचकाच्याच हाती न देणाराही झाला नसेल.

सारांश, पुण्याच्या पत्रव्यवहाराचा इतिहास कोणत्याही निष्पाप सुवर्णयुगाची साक्ष देत नाही. पत्रे उघडली गेली, हेर नेमले गेले, बातम्या विकल्या गेल्या. परंतु हेरगिरी ही हेरगिरी म्हणून ओळखली जाई, आणि पोच ही घेणाराने दिलेली गोष्ट म्हणून. ईमेलातील अदृश्य बिंदूने हेरगिरीला पोचेचे नाव दिले. हा नामबदल मान्य करावयाचा की नाही, हा प्रश्न या शहरात ज्यांच्या हातून अशा आज्ञावली लिहिल्या जातात त्या तरुण पदवीधरांपुढे आहे, आणि ज्यांच्या नावे वृत्तपत्रिका व निमंत्रणे निघतात त्या विद्यापीठीय विभागांपुढेही. प्रेषकाने उघडपणे विचारावे आणि वाचकाने उत्तर द्यावे किंवा देऊ नये, ही रीत काही फार अवघड नाही. १९९८ च्या मानकाने ती सुचविली होती. पेशवाईतील कारकुनांना ती त्याच्या दोनशे वर्षे आधी अवगत होती.